पैशाचं सोंग : आभासी जगात शिकवलेली व्यावसायिक इंग्रजी



आजच्या विषयाचं नाव ऐकून काही जणांच्या कपाळावर आठी आलेली आम्हाला इथून दिसते आहे. ‘आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना आभासी जगात बोली व्यावसायिक इंग्रजी शिकवणे’ हे एखाद्या शासकीय परिपत्रकाचं शीर्षक वाटतं, हे कबूल. म्हणून आधी साध्या शब्दांत सांगतो. कोरियातला एक इंजिनिअर, ब्राझीलमधली एक हिशेबनीस, तुर्कस्तानातला एक निर्यातदार आणि स्पेनमधली एक विक्री-प्रतिनिधी, असे चौघं आपापल्या घरी संगणकासमोर बसतात. कानाला हेडफोन लावतात. पडद्यावर एक गाव उघडतं. गावात रस्ते आहेत, हॉटेलं आहेत, समुद्र आहे. प्रत्येकाची तिथं एक बाहुली असते. ती चालते, खुर्चीवर बसते, आणि तिचा मालक बोलला की तिच्या डोक्यावर हिरव्या लहरी उमटतात. त्या बाहुलीला ‘अवतार’ म्हणतात.

शब्द आपलाच आहे. १९८०च्या दशकात ‘हॅबिटॅट’ नावाच्या संगणकी खेळानं तो उचलला आणि जगभर केला. आपल्याकडे मात्र तो दोन अर्थांनी चालतो. देव अवतार घेतो तो काही काम करायला. आणि मूल चिखलात लोळून घरी आलं की आई विचारते, “हा काय अवतार करून आलायस?” पहिल्या अवतारामागे कार्य असतं, दुसऱ्यात नुसतं ध्यान असतं. या वर्गांमधले अवतार यांतले कुठले होते, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

थोडा इतिहास. परभाषक विद्यार्थ्यांसाठी आभासी जग ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. १९९४ साली न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजातून ‘श्मूझ युनिव्हर्सिटी’ नावाचं एक जग सुरू झालं. त्यात चित्र एकही नव्हतं, सगळं शब्दांत. ‘तुम्ही अंगणात उभे आहात, उत्तरेला वाचनालय आहे’ असं पडद्यावर उमटायचं आणि जगभरातले इंग्रजी शिकणारे तिथं टंकून गप्पा मारायचे. मग २००३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘लिंडन लॅब’ कंपनीनं ‘सेकंड लाइफ’ उघडलं. हे रंगीत, त्रिमिती जग होतं आणि त्यातल्या वस्तू रहिवाशांनीच घडवायच्या होत्या. २००७ मध्ये त्यात आवाज आला, म्हणजे टंकण्याऐवजी थेट बोलता येऊ लागलं, आणि भाषाशिक्षकांची तिकडे रीघ लागली. ब्रिटिश कौन्सिलनं किशोरांच्या विभागात बेट घेतलं. युरोपीय संघाच्या पैशातून ‘अवेलॉन’सारखे प्रकल्प निघाले. मालदीव आणि स्वीडन या देशांनी तर त्याच वर्षी तिथं दूतावास थाटले. दूतावास आला म्हटल्यावर इंग्रजीचा क्लास येणारच.

या वर्गांमागे तीन दावे होते. पहिला, मुखवट्याआड माणूस न भिता बोलतो. दुसरा, हॉटेलचा काउंटर, विमानतळ, बैठकीची खोली असे प्रसंग हुबेहूब उभे करता येतात. तिसरा, निरनिराळ्या देशांतली माणसं एका खोलीत आणता येतात. आम्ही स्वतः असे वर्ग घेतले आहेत. त्यामुळे आज जी टीका करणार आहोत ती आधी आमच्याच अंगावर येते, हे लक्षात असू द्या.

पहिला दावा बऱ्याच अंशी खरा आहे. भाषा शिकताना भीती आडवी येते हे स्टीफन क्रॅशन यांनी १९८०च्या दशकात ठासून मांडलं. भीतीचा पडदा जाड असला की कानावर पडलेलं आत झिरपत नाही. मार्क वॉरशॉअर यांनी १९९६ साली समोरासमोरची चर्चा आणि संगणकावरची चर्चा यांची तुलना केली, तेव्हा संगणकावर बोलण्याची वाटणी अधिक समान झालेली दिसली. २००७ मध्ये निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी आणखी मजेशीर गोष्ट दाखवली. ज्यांना उंच अवतार दिला ते पैसे वाटून घेण्याच्या खेळात जास्त ताणून धरत होते. सोंग घेणाऱ्याला सोंग थोडं बदलतं, हे आपल्या बहुरूप्यांना कधीपासूनच ठाऊक आहे.

पण इथं एक गफलत झाली. वॉरशॉअर यांची चर्चा लिखित होती. लिहिताना थांबता येतं, खोडता येतं, कुणी तोंडाकडे बघत नसतं. ‘सेकंड लाइफ’मध्ये आवाज आला तेव्हा ही सवलत संपली. लिखित माध्यमाची पुण्याई बोली माध्यमाच्या खात्यावर जमा करून आम्ही शिक्षक मोकळे झालो. पंचतंत्रात वाघाचं कातडं पांघरलेल्या गाढवाची गोष्ट आहे. ते गप्प होतं तोवर शेतकरी घाबरले, ओरडलं आणि ओळखलं गेलं. उपमा गाढवाची आहे म्हणून विद्यार्थ्यांचा अपमान समजू नका, आम्ही सगळे त्याच कातड्यात होतो. अवतार गोरा, उंच, सुटाबुटातला घेता येतो. आवाज मात्र आपलाच असतो. तोंड उघडलं की उच्चार बाहेर येतात आणि भीती परत येते. आमच्या वर्गातल्या कोरियन इंजिनिअरचा अवतार भारदस्त होता, पण त्याच्या डोक्यावर हिरव्या लहरी क्वचितच उमटत.

दुसऱ्या दाव्याकडे येतो, कारण आमचं मुख्य भांडण त्याच्याशी आहे. एका वर्गाची हकिकत सांगतो. त्या दिवशीचा पाठ होता ‘दराची बोलणी’. एक बाजू हॉटेलची, दुसरी बाजू कंपनीची. दोन दिवसांच्या परिषदेसाठी सभागृह हवं आहे, भाडं ठरवायचं आहे. आम्ही सुंदर सभागृह उभारलं होतं. काचेच्या भिंती, लांब टेबल, टेबलावर पाण्याचे पेले. ते पेले कुणी पिणार नव्हतं, तरी आम्ही ठेवले होते. प्रत्येकाला भूमिकेचं कार्ड दिलं, सोबत उपयुक्त वाक्यांची यादी. बोलणी झाली. तुर्की निर्यातदारानं यादीतलं तिसरं वाक्य वाचलं, स्पॅनिश बाईंनी पाचवं. दहा टक्के सूट ठरली. कुणाला आनंद झाला नाही की दुःख झालं नाही. कोरियन इंजिनिअर चाळीस मिनिटांत दोन वाक्यं बोलला.

मग सगळ्यांनी गच्चीवर जायचं ठरलं आणि ब्राझीलची हिशेबनीस हरवली. तिचा पडदा अर्धवट करडा झाला होता, भोवतालच्या वस्तू नीट उमटतच नव्हत्या. आम्हाला ती दिसेना, फक्त आवाज येत होता. आम्ही शिक्षक म्हणून काही करणार एवढ्यात कोरियन इंजिनिअर बोलू लागला. चालू नकोस, आधी थांब. तुला काय दिसतंय? लाल भिंत? तिच्यावर खिडकी आहे का? आता डावीकडे वळ. नाही नाही, तुझ्या डावीकडे. माफ कर, मीच चुकीचं सांगितलं. तिनं ‘सीलिंग’ म्हटलं ते त्याला समजलं नाही, त्यानं विचारून घेतलं. त्यानं ‘लेजर’ म्हटलं ते तिला समजलं नाही, तेव्हा त्यानं दुसऱ्या शब्दांत सांगितलं. मध्येच तुर्की निर्यातदारानं विनोद केला आणि तिघंही हसले. अकरा मिनिटांनी ती गच्चीवर आली.

त्या दिवशी आमच्या नोंदवहीत आम्ही काय लिहिलं असेल? ‘तांत्रिक अडचणीमुळे अकरा मिनिटे वाया.’

ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं तेव्हा आमची आम्हालाच लाज वाटली. अख्ख्या पाठात व्यावसायिक इंग्रजी म्हणता येईल असं जे काही होतं ते त्या अकरा मिनिटांत होतं. सूचना देणं, समजलं की नाही याची खात्री करणं, चूक कबूल करणं, न कळलेला शब्द लाज न बाळगता विचारणं, ताणलेल्या क्षणी वातावरण हलकं करणं. कारखान्यात, बँकेत, निर्यातीच्या ऑफिसात माणसं दिवसभर दुसरं काय करत असतात? आम्ही यादी देऊन चाळीस मिनिटांत जे घडवू शकलो नाही ते एका बिघाडानं घडवलं.

असं का झालं? उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये एक प्रकल्प राबवला. तो बंगलोर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. त्यांचं म्हणणं असं की मुलाचं लक्ष अर्थावर, म्हणजे काहीतरी सोडवण्यावर असतं, तेव्हा भाषेची घडण मनात उत्तम होते. म्हणून त्यांनी व्याकरणाचे धडे बाजूला ठेवले आणि आगगाडीचं वेळापत्रक, नकाशा, हिशेब अशी कोडी मुलांपुढे ठेवली. जगभर आज कार्याधारित शिक्षण म्हणून जे गाजतं त्याच्या उगमाशी हा प्रकल्प आहे. तिथं ना आभासी सभागृह होतं ना अवतार. साधा वर्ग आणि सोडवायला खरं कोडं, एवढंच. आमच्या सभागृहात सगळं होतं, पण कोडं नव्हतं. हरवलेल्या बाईला खरोखर वाट माहीत नव्हती आणि इंजिनिअरला खरोखर माहीत होती. हॉटेलच्या बोलण्यांत मात्र दोघांनाही माहीत होतं की हॉटेल नाही, परिषद नाही आणि सुटीतले दहा टक्के कुणाच्याही खिशातून जाणार नाहीत.

मराठीत म्हण आहे : सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. व्यावसायिक भाषेच्या बाबतीत ही म्हण अक्षरशः खरी आहे. प्रवासाची, ओळखीची, हवापाण्याची भाषा सोंगातून बरीचशी शिकता येते. व्यवहाराची भाषा मात्र तोटा झाल्याशिवाय, निदान होण्याची शक्यता असल्याशिवाय, जिवंत होत नाही. ‘जरा विचार करून सांगतो’ या वाक्याचं वजन समोरच्याला गरज असेल तरच कळतं. गप्प बसणं हीसुद्धा बोलण्यांतली एक खेळी असते. पण आभासी खोलीत कुणी गप्प बसलं की पहिली शंका येते ती इंटरनेट गेलं की काय याची. शिवाय काही मिनिटं कळफलकाला हात लागला नाही की अवताराची मान आपोआप खाली पडते. आपण मन लावून ऐकत असतो आणि समोरच्याला वाटतं हा पेंगतोय.

आणि गंमत अशी की याच जगात खरा पैसा होता! ‘सेकंड लाइफ’चं चलन लिंडन डॉलर. साधारण अडीचशे लिंडन डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, आणि ते खरोखर बदलून मिळत. लोक तिथं जमीन विकत, कपडे शिवून विकत, दुकानं भाड्यानं देत. मे २००६ मध्ये ‘बिझनेसवीक’ या मासिकानं आपल्या मुखपृष्ठावर एक अवतार छापला, अँशी चुंग. जमिनीच्या व्यवहारात नाव काढलेल्या या अवतारामागे कोण होतं? चीनमध्ये जन्मलेली, जर्मनीत राहणारी एक भाषाशिक्षिका! म्हणजे एक भाषाशिक्षिका तिथं खरा व्यापार करत होती आणि आम्ही बाकीचे भाषाशिक्षक शेजारच्याच बेटावर खोट्या व्यापाराचे नेपथ्य रंगवत बसलो होतो. बाजारपेठेत राहून मुलांना भातुकलीतलं दुकान मांडून द्यावं, तसला हा प्रकार.

पुढच्या तुकडीला आम्ही वेगळं काम दिलं. दोघादोघांच्या गटाला एक हजार लिंडन डॉलर, म्हणजे सुमारे चार अमेरिकन डॉलर. तेवढ्यात बाजारातली एक टपरी महिनाभर भाड्यानं घ्यायची, तिथं काहीतरी विकायचं आणि महिनाअखेरीस हिशेब मांडायचा. टपरीच्या मालकाला हे विद्यार्थी आहेत हे आधी सांगितलं होतं, पण सवलत देऊ नका असंही सांगितलं होतं. दुसऱ्या आठवड्यात एका विद्यार्थ्याचं मालकाशी भांडण झालं. कबूल केलेली जागा दिली नाही म्हणून तो प्रथमच इंग्रजीत चिडला, आणि चांगलाच चिडला. चूक त्याचीच निघाली. मग दुसऱ्या दिवशी त्याला इंग्रजीत माफी मागावी लागली, कारण पाठ संपला तरी टपरी होती आणि मालकही होता. रागावल्यावर संबंध तुटू न देता परत कसं यायचं, हे आमच्या एकाही कार्डावर लिहिलेलं नव्हतं.

यातून त्यांचं व्याकरण सुधारलं असा आमचा दावा नाही. चार डॉलरांनी कुणी व्यापारी होत नाही, हेही मान्य. एक आक्षेप मात्र रास्त आहे : तोटा आला की भीतीही आली, मग मुखवट्याचा फायदा काय राहिला? आमचं उत्तर असं की दोन्ही हवेत, पण क्रमानं. पहिले काही तास मुखवट्याचे. जीभ सुटेपर्यंत तिथं चुकांना मोल नसावं. त्यानंतर थोडंसं खरं मोल लावायला हवं. पोहायला शिकवताना आधी पाठीला डबा बांधतात, पण कधीतरी तो सोडावाच लागतो. आमच्या बहुतेक अभ्यासक्रमांनी डबा शेवटपर्यंत सोडला नाही, उलट दर वर्षी त्याला नवा रंग दिला.

आता तिसरा दावा, देशोदेशीची माणसं एकत्र आणण्याचा. हे या जगाचं खरं बळ, आणि त्याचाच सर्वांत कमी उपयोग झाला. कोरियन आणि ब्राझिलियन माणसं इंग्रजीत बोलतात तेव्हा खोलीत इंग्रज कुणीच नसतो. आजच्या व्यापारात ही नेहमीची स्थिती आहे. जेनिफर जेंकिन्स यांनी २००० सालच्या आपल्या पुस्तकात मांडलं की अशा संवादात काही उच्चार सांभाळले नाहीत तर अर्थच बिघडतो आणि काही कसेही केले तरी चालतं. म्हणजे कसोटी समजण्याची, लंडनसारखं ऐकू येण्याची नव्हे. पण जाहिराती काय सांगत होत्या? ‘मूळ इंग्रजी भाषकांकडून शिका.’ चौघं परस्परांना व्यवस्थित समजत असताना शिक्षक मध्येच थांबवून उच्चार दुरुस्त करायचा, आणि हिरव्या लहरी पुन्हा विझायच्या.

इथं पुण्या-मुंबईच्या लोकांना आपली कॉल सेंटरं आठवतील. अवतार हा शब्द तंत्रज्ञानात रुळत होता त्याच सुमारास आपली पोरं रात्रपाळीला जाऊन परदेशी नाव लावत होती आणि ‘न्यूट्रल’ उच्चारांचं प्रशिक्षण घेत होती. तोही एक अवतारच. फरक एवढा की तिथं कॉल खरा होता, ग्राहक खरा होता आणि पगारही खरा होता. त्या मुलांनी इंग्रजी झटझट उचलली, याचं श्रेय उच्चारांच्या तासाला किती आणि पलीकडच्या चिडलेल्या ग्राहकाला किती, हे ज्यानं-त्यानं ठरवावं. मात्र स्वतःचं नाव टाकून बोलायची किंमतही त्यांनीच मोजली, हे विसरून चालणार नाही. मुखवटा स्वतः निवडला तर आधार होतो. दुसऱ्यानं बांधला तर तो काचतो.

या वर्गांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. जमीन कंपनीची होती. ऑक्टोबर २०१० मध्ये लिंडन लॅबनं जाहीर केलं की शिक्षणसंस्थांची निम्म्या दराची सवलत जानेवारीपासून बंद. त्याच वर्षी किशोरांचं वेगळं जगही बंद करायचं ठरलं. अनेक बेटं ओस पडली. सवलत २०१३ मध्ये परत आली, पण तोवर माणसं पांगली होती. काचेची सभागृहं एका रात्रीत पुसली गेली. आमचं तर नक्कीच. पाण्याच्या पेल्यांसकट.

पण ज्या अडचणींना आम्ही दोष मानत होतो, त्या २०२० साली सगळ्या जगाच्या वाट्याला आल्या. “आवाज येतोय का? तुम्ही म्यूट आहात. पुन्हा एकदा सांगाल का?” हीच व्यवसायाची भाषा झाली. हरवलेल्या बाईला गच्चीवर आणणाऱ्या त्या इंजिनिअरला ती आधीच येत होती. आम्हाला तिचं महत्त्व कळलं नव्हतं.

आता ही कल्पना नव्या कपड्यांत परत आली आहे. २०२१ साली फेसबुकनं आपल्या कंपनीचं नाव ‘मेटा’ केलं, डोक्याला चढवायचे चष्मे आले, आणि आता समोर बोलायला माणूसही लागत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचा ग्राहक हजर असतो. तो थकत नाही, हसत नाही, चुकलात तरी रागावत नाही. पहिल्या टप्प्यासाठी हा साथीदार उत्तम, असं आम्ही मनापासून म्हणू. पण ज्याला गमावण्यासारखं काहीच नाही त्याच्याशी बोलणी करून बोलणी करता येतील का? असा अभ्यासक्रम कुणी विकायला आला तर चित्र किती हुबेहूब आहे हे विचारू नका. एवढंच विचारा : इथं बोलणं फसलं तर कुणाचं काय बिघडतं? उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर ती भातुकली आहे. लहानपणी चांगली, पण तिच्यावर प्रपंच चालत नाही.

सुरुवातीला आईचा प्रश्न सांगितला होता. आमच्या सुटाबुटातल्या, काचेच्या खोलीतल्या अवतारांना तिनं तोच विचारला असता. आणि लाल भिंतीशी अडकलेल्या बाईला वाट दाखवणाऱ्या इंजिनिअरला? त्याला तिनं काही विचारलं नसतं. तो कामात होता.